पेरणीआधी निर्यातीचं धोरण सांगा: सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी धागा

सीनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, ते पुन्हा लिहीत नाही. पाण्यातून जो कांदा वाचला तो आता सोलापूर बाजार समितीच्या यार्डात यायला लागलाय. एवढा माल वाहून गेला तरी भाव का चढत नाही, हे गावात रोज कुणीतरी विचारतं. मग व्यापाऱ्याला दोन शिव्या घालून विषय मिटतो. माझं मत आहे की याच्या उत्तराचा मोठा भाग ढाक्यात आणि दिल्लीत आहे, आणि तो आपण तारखांसकट मांडायला शिकलं पाहिजे.

2023 चा हंगाम घ्या. 19 ऑगस्टला कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं. 8 डिसेंबरला थेट बंदी. आता सोलापूर बाजार समितीत कांद्याची आवक सर्वांत जास्त कधी असते? डिसेंबर-जानेवारीत. नाशिकचा उन्हाळी कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टाकला की चार-पाच महिने दम धरतो. आपला लाल कांदा काढला, पात कापली, की फार दिवस ठेवताच येत नाही, कोंब येतो नाहीतर सडतो. म्हणजे ज्याच्याकडे थांबायची सोयच नाही त्याच्या तोंडावर दार लागलं. बंदी उठली 4 मे 2024 ला. सोलापूर आणि माढा लोकसभेचं मतदान होतं 7 मे ला. पण तोवर आमच्या रानातला कांदा विकून, पट्टी (विक्रीचा हिशेब) घेऊन, सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज भरून झालं होतं. उठलेल्या बंदीचा आम्हाला एका रुपयाचा उपयोग झाला नाही.

पुढे 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य काढलं, शुल्क 20 टक्क्यांवर आणलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. आज निर्यात पूर्ण मोकळी आहे. पण गिऱ्हाईक कुठंय? आपला सर्वांत मोठा खरेदीदार बांगलादेश. 2025 मध्ये बराच काळ त्यांनी आयातीचे परवानेच दिले नाहीत. 2019 ला बंदी, 2020 ला बंदी, 2023 ला बंदी, एवढं झाल्यावर त्यांनी स्वतःची लागवड वाढवली, त्यात गैर काय? 2019 च्या ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. कांदा मिळेना म्हणून स्वयंपाक्याला कांदा न घालायला सांगितलंय, असं त्या जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी असं काही करणार असाल तर आधी कळवत जा, असंही सांगून गेल्या. परदेशाच्या पंतप्रधानांना जे मागावं लागलं तेच मी मागतोय. पेरणीआधी सांगा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका.

आपापल्या पिकाचा अनुभव लिहा. शिवीगाळ नको, पक्षाचा झेंडा नको.

दिवाणजी_यार्ड

मी आडतीवर (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याकडं) दिवाणजी आहे, त्यामुळं दुसरी बाजू लिहितो.

बंदीची बातमी आली ती सकाळ आठवते. गाड्या गेटपासून पार रस्त्यापर्यंत, ढीग मांडलेले, आणि चेन्नई-हैदराबादकडचे खरेदीदार ढिगापुढं उभे राहून नुसतं फोनवर बोलत होते. हातात कांदा घेऊन सोलून बघायचे आणि पुढं सरकायचे. बोली पुकारली तरी आकडा कुणी बोलेना. आपला माल दक्षिणेत जातो, तिथून काही श्रीलंका, मलेशियाकडं जातो. पुढची वाट बंद झाली की तोच माल देशातल्या बाजारात तुंबतो. सकाळी एक भाव आणि दुपारी दुसरा, हे माझ्या वहीत आहे.

पण सीनाकाठ दादा, एक गोष्ट सुटली. फेब्रुवारी 2023 ला बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला 10 गोण्यांचे, 512 किलो कांद्याचे, खर्च जाऊन 2 रुपये हातात आले, त्याचा चेक देशभर गाजला. भाव मिळाला होता किलोला 1 रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा झालं आणि उरले 2 रुपये 49 पैसे. तेव्हा निर्यातबंदी नव्हती, शुल्कही नव्हतं. मग तेव्हा कुणाला दोष द्यायचा?

सीनाकाठ

दिवाणजी, रास्त प्रश्न. त्या वर्षी लेट खरीप कांदा एकदम आला हे एक कारण. दुसरं बघा. 2022 मध्ये श्रीलंका दिवाळखोरीत गेली. बांगलादेशाला जानेवारी 2023 मध्ये नाणेनिधीचं 4.7 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं, म्हणजे तिथंही डॉलरची चणचण होती. निर्यात कागदावर मोकळी होती, पण घेणाऱ्याच्या खिशात डॉलर नव्हते. त्यांचे डॉलर संपायला तेल आणि खतं महागणं हे मोठं कारण, आणि ते महागलं युक्रेनच्या युद्धानं.

त्या वेळी राज्य सरकारनं क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसल्यामुळं आमच्या भागातली कितीतरी माणसं तलाठ्याकडं खेटे घालत बसली. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) करा हे त्यासाठीच ओरडून सांगतो.

सोलापूरची_पुण्यात

माहेर सोलापूर, आता पुण्यात असते. दादा, तुमचं दुःख कळतं. पण माझ्याकडं कामाला येणाऱ्या मावशी कांदा 70-80 झाला की पाव किलोवर येतात. त्यांच्या घरी भाकरीबरोबर कांदा हीच भाजी असते. सरकारनं त्यांचा विचार करायचा नाही का? निर्यात चालू ठेवून इथं 100 रुपये किलो झाला तर काय करायचं?

सीनाकाठ

ताई, तुमच्या मावशींचा विचार व्हायलाच पाहिजे. आमच्या गावात मजुरी करणाऱ्या बायका तोच कांदा विकत घेतात, त्यामुळं हे मला परकं नाही. प्रश्न एवढाच की त्या स्वस्ताईचे पैसे कुणी भरायचे. ऑगस्ट 2023 ला सरकारनं स्वतःच्या साठ्यातला कांदा 25 रुपयांनी विकला, तो मार्ग मला मान्य आहे, कारण त्याचा खर्च सगळा देश उचलतो. बंदी घातली की तोच खर्च दोन-तीन एकरवाल्या कांदा उत्पादकाच्या पट्टीतून कापला जातो. आणि भाव पडले की ती तूट भरून द्यायला कुणी येत नाही. वर जायचा फायदा अडवायचा आणि खाली पडायचा तोटा आम्ही सोसायचा, हे आम्हाला मान्य नाही.

तडवळकर

आमच्या अक्कलकोट भागात तूर. कांद्यासारखं तुरीचं कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहूलालोय.

2015 ला तूरडाळ 200 रुपये किलो झाली. सगळीकडं एकच हाक, डाळ पेरा. आम्ही पेरली. आणि जुलै 2016 ला आपल्या सरकारनं मोझांबिकबरोबर करार केला, वर्षाला 1 लाख टनांपासून सुरू करून 2 लाख टनांपर्यंत डाळ आणायचा. त्या साली पाऊसपाणी चांगला झाला, तूर उदंड आली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5050 होता, बाजारात त्याच्या खाली गेली. खरेदी केंद्रावर बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून ट्रॅक्टर उभे. रात्री थंडीत ट्रॉलीवर ताडपत्री टाकून झोपलेली माणसं मी बघितलीत, वर मापाला घेताना चाळण्या लावून माल परत करूलालते.

आता मे 2021 पासून तूर आयातीवरचा कोटा काढलाय, मार्च 2023 पासून शुल्कही नाही, दरवर्षी मुदत वाढवली जाते. आफ्रिकेकडची तूर आपल्या पावसाळ्याच्या शेवटाला निघते, दिवाळीच्या आगंमागं आपल्या बंदरात उतरते, आणि आमची तूर जानेवारीत खळ्यावर येते. म्हणजे आम्ही बाजारात पोचायच्या आधी गिरणीवाल्याचं गोदाम भरलेलं. पुढं ब्रह्मदेशाची लेमन तूर असतेच. गिरणीवाल्याला घाई नसते, आम्हाला असते, कारण सोसायटीची वसुली मार्चला.

आयात करूच नका असं म्हणत नाही. देशाला डाळ कमी पडते हे खरं आहे. पण जानेवारी ते मार्च तरी आयातीवर शुल्क लावा. एवढी तीन महिन्यांची मागणी पण कुणाच्या जाहीरनाम्यात येत नाही.

बार्शी_सोयाबीन

+1 तडवळकर. सोयाबीनची पण हीच कथा. 2021 च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात सोयाबीन 10 हजारांवर गेलं, पण तेव्हा माल व्यापाऱ्यांकडं होता, आमच्याकडं नव्हता. ऑगस्ट 2021 ला कोंबडी खाद्यासाठी 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आणायला परवानगी मिळाली आणि आमची रास होईस्तोवर भाव खाली आले. तेलाचं बघा. सप्टेंबर 2024 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, आम्हाला जरा बरं वाटलं. मे 2025 अखेर ते परत 10 वर. 2025-26 ला हमीभाव 5328 होता आणि बाजारात चार हजारांच्या घरात विकावं लागलं.

आणि आता अमेरिका. चीननं 2025 मध्ये कित्येक महिने अमेरिकेचं सोयाबीन घेतलंच नाही. ऑक्टोबरअखेर दोघांचं काहीतरी जमलं, पण मधल्या काळात तिथला शेतकरी पण हवालदिल होता. त्यांना मका आणि सोयाबीन खपवायला नवं गिऱ्हाईक पाहिजे होतं, आणि व्यापार कराराच्या बोलणीत नजर आपल्यावर होती. 7 ऑगस्ट 2025 ला पंतप्रधानांनी दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ स्वामीनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत सांगितलंय की शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, त्यासाठी वैयक्तिक किंमत मोजायची तयारी आहे. तो शब्द पाळला जावा एवढीच अपेक्षा. 2025-26 ला मक्याचा हमीभाव 2400 होता आणि माढ्या-करमाळ्याकडं मका त्याच्या बराच खाली विकला गेला. त्यात अमेरिकेचा मका आला तर काय होईल ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

कंदर_केळी

करमाळा तालुका. आमच्याकडं उजनीच्या पाण्यावर केळी, आणि कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातून आखातात कंटेनर जातात. यात जागतिक राजकारण किती जवळ येतं ते एका उदाहरणावरून सांगतो.

रशियाला केळी पुरवणारा मुख्य देश इक्वेडोर. 2024 च्या सुरुवातीला इक्वेडोरनं जुनी सोव्हिएत शस्त्रं अमेरिकेला द्यायचं कबूल केलं, ती पुढं युक्रेनला जाणार होती. फेब्रुवारीत रशियानं किडीचं कारण सांगून इक्वेडोरच्या 5 कंपन्यांची केळी थांबवली आणि भारताकडून खरेदी वाढवायचं ठरवलं. आमच्याकडं लगेच चर्चा सुरू, रशियाचं मार्केट उघडलं, लागण वाढवा. इक्वेडोरनं शस्त्रांचा विषय सोडून दिला आणि त्यांची केळी परत सुरू झाली. केळीची बाग लावल्यापासून घड हातात यायला अकरा-बारा महिने लागतात. त्या बातमीवर ज्यांनी बाग लावली असेल त्यांचा घड तयार होईपर्यंत बातमी कधीच विरून गेली होती.

2025 च्या जूनमध्ये इस्रायल-इराण युद्ध झालं तेव्हा आमच्या बागेत कटिंग चालू होतं. घड उतरवून फण्या वेगळ्या करून तुरटीच्या पाण्यात धुवायला टाकलेल्या, बायका वजनाप्रमाणे 13 किलोचे बॉक्स भरत होत्या. व्यापाऱ्याच्या माणसाला फोन आला, पुढचं कटिंग थांबवा. आखाताकडचं जहाज कधी लागेल सांगता येत नव्हतं. केळी थांबत नाही. उरलेला माल लोकल गाडीला दिला, जो भाव मिळाला तो घेतला. तेलाच्या किमतीवर टीव्हीवर रात्रभर चर्चा झाली, केळीबद्दल एक वाक्य ऐकलं नाही.

माणगंगा_डाळिंब

सांगोला. डाळिंबात तेल्या, मर, खोडकिडा या रोग-किडींशी लढून जे वाचलंय त्यांच्यासाठी लिहिते.

बांगलादेश आमचाही मोठा ग्राहक. मे 2022 ला त्यांनी डॉलर वाचवायला फळांवर 20 टक्के नियामक शुल्क लावलं. वर कुणीतरी युक्रेन ते कांदा अशी साखळी लिहिली आहे, तीच साखळी डाळिंबाला लागू आहे. त्यात द्राक्षवाल्यांना 2024 ला लाल समुद्राचा फटका बसला. हुती हल्ल्यांमुळं युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास दोन आठवड्यांनी लांबला, भाडं वाढलं. निर्यातदार ते भाडं स्वतः भरत नाही, बागेतल्या दरातून काढतो.

पण मला खतांबद्दल जास्त सांगायचंय. आमची सगळी शेती ठिबकवर. 0:52:34, 12:61:0, 0:0:50 या विद्राव्य (पाण्यात विरघळून ठिबकमधून द्यायच्या) खतांच्या पिशव्यांशिवाय बहार धरता येत नाही, आणि यातला बहुतांश माल किंवा त्याचा कच्चा माल चीनमधून येतो. 2025 च्या मध्यापासून चीननं तपासणीच्या नावाखाली हा माल रोखला. मृग बहारात फळ फुगायच्या वेळी दुकानदार म्हणाला, ताई, दोन पिशव्या देतो, बाकीचं बघू. दर विचारू नका. पोटॅशची गोणी 2022 ला 1700 ला गेली होती ती आठवत असेल, कारण बरंचसं पोटॅश रशिया आणि बेलारूसचं. युरिया आणि डीएपीला सरकार अनुदान देतं, म्हणून युरिया 266 आणि डीएपी 1350 ला टिकून आहे. विद्राव्य खतांना तसा आधार नाही. दिल्लीत निवेदन जाणार असेल तर हा मुद्दा घ्याच. निर्यातीवर बोलताना आयातीतली ही नड विसरू नका.

सीनाकाठ

ताई, घेतो. हे माझ्या डोक्यात नव्हतं, तुमच्यामुळं आलं.

उजनी_ऊस

उसावाल्यांना बाहेरच्या बाजाराशी देणंघेणं नाही असं बरेच जण समजतात. जिल्ह्यात 30 हून जास्त कारखाने आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. 2021-22 ला देशातून सुमारे 110 लाख टन साखर निर्यात झाली, विक्रम झाला. पुढच्या वर्षी कोटा 60 लाख टनांवर आला, 2023-24 ला निर्यात बंदच. त्याच डिसेंबरात, गाळप ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा आदेश आला, आठवड्यात तो सैल केला. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारली त्यांची गणितं बिघडली आणि त्याचं कारण सांगून आमची बिलं लांबली.

दुसरीकडं ऑस्ट्रेलिया, ब्राझील, ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की भारत ऊस शेतकऱ्याला जास्त मदत देतो. डिसेंबर 2021 ला निकाल भारताच्या विरोधात गेला. भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळ अमेरिकेनं सदस्य नेमू न दिल्यामुळं 2019 पासून बंद पडलंय. त्यामुळं निकाल तसाच लटकलेला आहे. तिकडं आपण जास्त मदत देणारे ठरलो आणि इकडं 14 दिवसांत मिळायची एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) महिनोन्‌महिने मिळत नाही. जिनिव्हात बसून हिशेब करणाऱ्यांनी एकदा गाळप हंगामात इकडं यावं.

एमआयडीसी_टॉवेल

मी शेतकरी नाही, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहे. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर अमेरिकेचं शुल्क 50 टक्के झालं तेव्हा आमच्याकडं पाळ्या कमी होतील या धास्तीनं सगळे बसले होते. त्याच आठवड्यांत सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. सूत स्वस्त झालं तर आम्ही जगतो. पण माझा भाऊ करमाळ्यात कापूस करतो आणि त्याला भाव मिळेना. एकाच घरात दोघांचं हित उलटं झालंय, कुणाला बरोबर म्हणू?

सीनाकाठ

भाऊ, दोघंही बरोबर आहात. कारखाना वाचवायचा असेल तर थेट कारखान्याला मदत करता येते, त्यासाठी ऐन वेचणीच्या तोंडावर कापूस उत्पादकाचं कुंपण काढायची गरज नव्हती.

सगळ्यांचं वाचून निवेदनाचा मसुदा करतोय. मुख्य मागणी अशी की कांद्यासाठी शुल्काचा तक्ता खरिपाच्या आधी, मे महिन्यातच, राजपत्रात छापून टाका. बाजार समितीतला सरासरी भाव अमुक पातळी ओलांडेल तेव्हा 10 टक्के शुल्क, त्याच्या वर गेला तर 20, आणि भाव उतरला की ते आपोआप निघेल. पूर्ण बंदी कधीच नाही. पातळी किती असावी यावर भांडू, पण ती आधी ठरलेली असावी. तुरीसाठी जानेवारी ते मार्च आयात शुल्क. विद्राव्य खतांना अनुदान आणि देशात कारखाने. केळीला युद्धामुळं जहाज अडलं तर भाडं-विम्यातली वाढ सरकारनं उचलावी.

दिवाणजी_यार्ड

तक्त्याला माझा पाठिंबा. व्यापाऱ्यालाही हेच पाहिजे असतं. चेन्नईचा माणूस कंटेनर भरताना 15 दिवसांनी शुल्क काय असेल हे त्याला ठाऊक नसेल, तर तो तुमच्याकडून कमी दरानंच घेणार, जोखीम स्वतःवर ठेवणार नाही. आणि बंदी असताना आखातात, मलेशियात पाकिस्तानचा कांदा बसला, ते गिऱ्हाईक परत आणायला आम्हाला फार जड जातंय. फक्त सरासरी भाव कुठल्या समितीचा धरणार ते नीट लिहा. एकट्या लासलगावचा धरला तर डिसेंबरात आपल्यावर अन्याय होईल.

सीनाकाठ

लासलगाव आणि सोलापूर दोन्हीची सरासरी, असं लिहितो.

मोहोळचा_पोरगा

दादा, बाकी सगळं ठीक. आमचं सव्वा एकर पुरात खरडून गेलं होतं, वडिलांनी परत गाळ पसरून वाफ्यावर आणलंय. ज्वारीचा वेळ गेला. आता उन्हाळी कांदा करू की हरभरा? वडील कांदा म्हणतात.

सीनाकाठ

बाळा, मी तुमच्या जागी असतो तर यंदा हरभरा केला असता. डिसेंबर 2023 पासून पिवळा वाटाणा बिनशुल्क येत होता, बेसनात तोच मिसळला जायचा आणि हरभऱ्याचा भाव दबायचा. 1 नोव्हेंबर 2025 पासून त्यावर 30 टक्के शुल्क लागलंय. हरभऱ्याचा हमीभाव 5875 जाहीर आहे. शुल्क उद्या काढणार नाहीत याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण निदान बी, मजुरी आणि पाणी मिळून खर्च कांद्याच्या मानानं बराच कमी आहे, घरचं बी असेल तर आणखी कमी. गाळाच्या नव्या रानात मर लागायची भीती असते, म्हणून पेरायच्या आधी बियाला ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा. वडिलांना कांदा करायचाच असेल तर पाच-सात गुंठे करू द्या, घरची चाळ असेल तरच.

आणि काहीही पेरलंत तरी रब्बीची ई-पीक पाहणी रानात उभं राहून फोटोसकट करा. नेटवर्क नसेल तर फोटो काढून ठेवा, गावात आल्यावर अपलोड होतो. मसुदा उद्या रात्री इथंच टाकतो, ज्यांना सही करायची त्यांनी तालुका आणि पीक लिहून खाली प्रतिसाद द्या.